अठरा पॉइंट सहाचा जावई

बेलापूर, नवी मुंबई
मंगळवार, दुपार

ती. वन्संना स्मिताचा नमस्कार.

पाकीट बघून छातीत धस्स झालं असेल तर आधी पाणी प्या. इकडे सगळे धडधाकट आहेत. तुमचे गुडघे कसे आहेत? तो तीळतेलाचा वैद्य खरंच उपयोगी पडला की भावोजी म्हणतात तसं नुसतंच तेल खपलं? भावोजींचा खोकला थांबला असेल अशी आशा आहे (नसेल तर त्यांना सांगा, मी विचारलं म्हणून, आणि आमसुली सरबत बंद करा).

तुम्ही म्हणाल, एवढा फोन असताना ही पत्र कशाला लिहिते? वन्सं, आमच्या दोन खोल्यांच्या घरात फोनवर काही सांगणं म्हणजे सोसायटीच्या गणपतीत माईकवर सांगणं. आणि फॅमिली ग्रुपवर लिहावं तर तुमचे बंधूच ॲडमिन. म्हणून पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, कोर्टाचं आहे का?" म्हटलं, तसंच समजा.

विषय ईशूच्या लग्नाचा. जमलं! (हे मी शेवटी लिहिणार होते, पण तुम्ही पत्राचं शेवटचं पान आधी वाचता हे मला ठाऊक आहे.) पण कसं जमलं ते ऐकाल तर तुम्हाला तुमच्या भावाची कीव येईल, मग राग येईल, आणि मग माझ्यासारखंच, देवाला हात जोडावेसे वाटतील.

दिवाळीत ईश्वरीने न्यूझीलंडहून फोन करून सांगितलं की तिथे एक मुलगा आहे, ऋषी नावाचा, आई-वडील मूळचे तासगावचे, आणि तिला तो आवडतो. बापाला खूश करायचं म्हणून पुढे म्हणाली, "बाबा, तो क्रिकेटर आहे. तिथल्या एका प्रांताकडून फर्स्ट क्लास खेळलाय." आता दुसरा कुठलाही बाप विचारेल की पगार किती, घर कुणाचं, दारू पितो का. तुमच्या बंधूंनी विचारलं, "सरासरी किती?" ती म्हणाली, एकतीस. हे उठले, आत गेले आणि वही घेऊन आले.

त्या वहीबद्दल तुम्हाला माहीत नसेल. बँकेतून रिटायर झाल्यावर बाकीची माणसं सकाळी चालायला जातात, हास्यक्लबात जाऊन हसतात. यांनी जगातल्या सगळ्या देशांच्या डोमेस्टिक क्रिकेटचे भाव काढले. डॉलरचा भाव असतो तसे. आपली रणजी म्हणजे एक. ऑस्ट्रेलियाला यांनी मोठ्या मनाने शून्य पॉइंट नऊ दिलेत, इंग्लंडच्या काउंटीला शून्य पॉइंट सात आणि न्यूझीलंडला शून्य पॉइंट सहा. म्हणजे तिथे कुणी शंभर केल्या तर आपल्याकडच्या साठ. का, तर तिथे संघच मुळी सहा, आणि आपल्याकडे अडतीस! (मी एकदा म्हटलं की संघ कमी म्हणजे जागा कमी, मग शिरायला जास्तच कठीण ना? दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुला त्यातलं कळत नाही.") तर एकतीस गुणिले शून्य पॉइंट सहा. चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे बघून म्हणतात, "अठरा पॉइंट सहा! स्मिता, अठरा पॉइंट सहाच्या मुलाला मी मुलगी देऊ?"

वन्सं, तुमच्या लग्नात पत्रिका जुळत नाही म्हणून मामंजींनी सहा महिने लावले होते, ते मला त्या क्षणी फार पुढारलेले वाटले.

माझी काळजी वेगळीच होती. मला त्या सरासरीचं काही नव्हतं. मला पोटापाण्याचं होतं. क्रिकेटर म्हणजे आज संघात आणि उद्या घरात. तीस-पस्तिशीनंतर करायचं काय? एवढ्या लांब, आपलं कुणी नाही, आणि नवरा घरी बसून जुन्या मॅचा बघतोय (एक असा नवरा मी सांभाळतेच आहे, त्यामुळे अंदाज आहे). ईशूला विचारलं तर ती म्हणायची, "आई, तू टेन्शन घेऊ नको गं," आणि लगेच विषय बदलायची. आईला 'टेन्शन घेऊ नको' म्हटलं की ती काय घेते ते तुम्हाला सांगायला नको. नोव्हेंबर आणि डिसेंबर मी धड झोपले नाही.

जानेवारीत दोघं आली. आता इथेही तुमच्या बंधूंनी एक शंका काढलीच. म्हणाले, जानेवारी म्हणजे त्यांचा ऐन सीझन, मग याला सुट्टी मिळाली कशी? मुलगा म्हणाला, "हॅमस्ट्रिंग." (म्हणजे मांडीचा स्नायू दुखावलाय.) हे माझ्या कानात म्हणाले, "हॅमस्ट्रिंगवाला जिना असा चढतो का?" कारण लिफ्ट बंद होती आणि तो ईशूची मोठी बॅग खांद्यावर टाकून पाच मजले दोन-दोन पायऱ्या गाळत चढला होता. मुलगा दिसायला सहा फूट, उन्हाने भाजलेला, कानात बाळी, अर्धी चड्डी. मला वाटलं, आता याच्याशी इंग्रजीतच बोलावं लागणार, म्हणून मी मनातल्या मनात 'हॅड अ प्लेझंट जर्नी?' घोकून ठेवलं होतं. तर तो दारातच वाकून पाया पडला आणि म्हणाला, "काकू, लई उकडतंय ओ हितं. जरा पाणी मिळंल का?" वन्सं, तासगाव! तीस वर्षांपूर्वी आई-वडिलांनी सोबत नेलेली मराठी, जशीच्या तशी, बाटलीत भरून ठेवल्यासारखी. मी तिथेच विरघळले. हे मात्र म्हणाले, "भाषा ठीक आहे. बॅटिंग बघू."

आणि बघायचं कुठे, तर इथल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात! माझ्या मासळीवाल्या मालतीबाई तुम्हाला आठवत असतील, मागच्या वेळी तुम्हाला ताजी करली दिली होती त्या. त्यांचा मुलगा कुंदन द्रोणागिरीला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर आहे, आणि रविवारी तो टेनिस बॉलचा असा बॉलर असतो की पनवेलपर्यंत त्याचं नाव आहे. गावाच्या खाडीकडच्या मैदानात त्या रविवारी दिवाळे विरुद्ध बोनकोडे अशी मॅच होती. तुमच्या बंधूंनी कुंदनला गाठून सगळं जमवलं. बोनकोड्याचा एक खेळाडू कमी होता, तिथे आपला ऋषी घुसवला. हेतू एकच. कुंदनने त्याला बॉलिंग टाकायची, आणि शून्य पॉइंट सहा हा आकडा सर्वांसमक्ष सिद्ध व्हायचा. मी म्हटलं, अहो, तो पाहुणा आहे. तर म्हणतात, "पाहुणा म्हणून आला असता तर पोहे दिले असते. जावई म्हणून आलाय." (पोहे मी दिलेच होते. दोन वेळा घेतले त्याने.)

ईशू रागावून घरीच बसली. मी गेले, कारण यांच्या खिशात सॉर्बिट्रेटची गोळी आहे की नाही हे बघायला कुणीतरी हवं. स्टेंट घालून दोनच वर्षं झालीत, पण मैदान दिसलं की हे स्वतःला पंचविशीचे समजतात.

मैदानावर मोठा स्पीकर. कॉमेंट्री करणारा इतका जोरात, की खाडीपलीकडे ऐकू जावं. "आणि आता येत आहेत, न्यूझीलंडचे इंटरनॅशनल प्लेअर, ऋषीशेठ!" ऋषी बिचारा हात हलवून 'नाही, नाही' करत होता. कुंदन धावत आला, आणि काय झालं ते मला दिसलंच नाही, फक्त मधला स्टंप लांब जाऊन पडलेला दिसला. पहिल्याच चेंडूवर! तो टेनिसचा चेंडू हवेत असा काही वळला म्हणे की ऋषीची बॅट अजून वर होती. स्पीकर हळूच म्हणाला, "पावना गेला."

मला वाटलं, आता तुमचे बंधू टाळ्या वाजवणार, वही काढणार, मला डोळे मिचकावणार. मी रागाने यांच्याकडे बघितलं, तर चेहरा उतरलेला. मुलगा मान खाली घालून मैदानाबाहेर चालला होता, आणि हे त्याच्याकडे असे बघत होते की जणू स्वतःच आऊट झालेत. उठले आणि त्याच्या मागे गेले.

मी मालतीबाईंकडे गेले. त्या मैदानाच्या कडेलाच, वाळत घातलेल्या बोंबलांच्या मागे, कोलंबी सोलत बसल्या होत्या. मी पाटावर टेकते न टेकते तो बोंबलांच्या पलीकडे, पालथ्या घातलेल्या होडीवर, दोघंजण येऊन बसले. आम्ही त्यांना दिसत नव्हतो. उठून जायला हवं होतं, कबूल. नाही गेले. (तुम्ही गेला असता का?)

हे म्हणाले, "ऋषी, तुला एक सांगतो. कुणाला सांगितलेलं नाही."

वन्सं, तुम्हाला यांची ती तरुणपणातली सिलेक्शनची मॅच माहीत आहे. आपल्या घरात ती सगळ्यांना माहीत आहे. निवड समितीतल्या कुणाच्या भाच्याला घेतलं आणि आपल्या दिलीपवर अन्याय झाला. लग्नाआधी तुम्हीच मला ती सांगितली होती, आणि सांगताना रडला होतात. तर हे त्या मुलाला म्हणाले, "भाचा होता, ते खरं. पण भाचा नसता तरी मला घेतलं नसतं. अकरा ओव्हर टाकल्या मी. ब्याऐंशी रन. एक विकेट नाही. कॉलेजातला एक पोरगा होता, जाड चष्म्याचा. त्याने मला जिथे हवं तिथे मारलं."

ऋषी म्हणाला, "तो मोठा प्लेअर झाला असंल म्होरं."

"नाही," हे म्हणाले. "त्यालाही घेतलं नाही."

ऋषीचा आवाज आला, अगदी मनापासून, "मग लई टाईट हुतं की ओ काका."

मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. बत्तीस वर्षं या माणसाबरोबर संसार केला. तो चष्मेवाला मुलगा बत्तीस वर्षं आमच्या घरात राहत होता आणि मला पत्ता नाही! जगातल्या सगळ्या देशांचे भाव कशासाठी काढले जात होते तेही तेव्हा कळलं. कुठल्यातरी देशात आपण खेळलो असतो, एवढंच त्यांना वहीत शोधायचं होतं.

आणि मग ऋषी म्हणाला, "काका, मलाबी काढलंय. मागच्या साली. काँट्रॅक्ट न्हाई दिलं परत. हॅमस्ट्रिंग-बिमस्ट्रिंग काय न्हाई."

"मग करतोस काय?"

"प्लंबर हाय मी. लायसन हाय. पैल्यापास्नंच करतोय. तिथं क्रिकेटवर पोट भरणारी थोडीच. क्रिकेट उन्हाळ्यात, पाईप बाराही म्हैनं. ईश्वरी म्हणली, बाबांना पैल्यांदा क्रिकेटर सांगूया, प्लंबर नंतर सांगूया. मला ते पटलं न्हवतं, खरं मी भ्यालो."

वन्सं, पोरीने बापाला बरोबर ओळखलं होतं, पण आईला नाही. मी बोंबलांच्या मागे इतकी खूश झाले की मालतीबाईंचा हातच धरला, कोलंबीसकट. पक्कं काम! हातात कला! लायसन्स! इथे बेलापुरात प्लंबर बोलवायचा तर आठ दिवस आधी फोन करावा लागतो आणि तो येतो तेव्हा आपण घरी नसतो. दोन महिन्यांची झोप मला तिथेच, त्या बोंबलांच्या वासात, एकदम आली.

यांनी मात्र विचारलं काय, तर, "मग त्या एकतीसचं काय?"

"ते खरं हाय," ऋषी म्हणाला. "खरं त्यात एक डाव एकशेचाळीसचा हाय, त्या दिवशी त्यांचा मेन फास्ट बॉलर भनीच्या लग्नाला गेलता."

तेव्हा तुमचे बंधू हसायला लागले. असे हसले की होडी हलायला लागली. मग तोही हसायला लागला. मालतीबाई इतक्या वर्षांत माझ्यासमोर कधी पाच मिनिटं गप्प बसलेल्या मी पाहिल्या नाहीत, त्या दिवशी बसल्या, आणि मग माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "ताय, दोगं पन आऊट हायेत. लावून टाका लगीन."

पत्र इथेच थांबवता आलं असतं, पण तुमचे बंधू तिथे थांबले नाहीत. बोनकोड्याच्या एकाला ड्यूटीचा फोन आला म्हणून तो गेला, पुन्हा एक माणूस कमी पडला, आणि मी बोंबलांमधून वाट काढून बाहेर येते तो हे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बॉलिंगला उभे! समोर बॅट घेऊन कुंदन. मी ओरडले, "अहो, गोळी घेतलीत का?" ते स्पीकरवाल्याने ऐकलं आणि माईकवरून सगळ्या खाडीला विचारलं, "काकांनी गोळी घेतली का?" काकांनी हात वर करून 'घेतली' असं दाखवलं (घेतली नव्हती, गोळी माझ्याच पर्समध्ये होती).

पाच चेंडूंत सव्वीस धावा गेल्या. माझं लक्ष धावांकडे नव्हतं, यांच्या छातीकडे होतं. सहावा चेंडू यांनी असा काही उंच, हळूच सोडला की कुंदन फसला आणि चेंडू सरळ आभाळात गेला. खाली ऋषी. तो पळाला, पळत पळत मैदान संपलं, खाडीचा चिखल लागला, आणि मांडीपर्यंत चिखलात रुतून त्याने तो झेल घेतला! हे दोन्ही हात वर करून नाचतायत, मी देवाचं नाव घेतेय, आणि मालतीबाईंचे यजमान देवजी, जे अंपायर होते, ते शांतपणे म्हणाले, "सिक्सर." कारण झेल बाउंड्रीच्या बाहेर घेतला. हे म्हणाले, बाउंड्री कुठे आहे दाखवा. तर बाउंड्रीचा दोर जागेवर नव्हताच. तो कुणाच्या तरी होडीचा दोर होता, आणि भरती आल्यावर मालक तो सोडून होडी बांधायला घेऊन गेला होता. देवजी म्हणाले, "दोर नाय, पन दोराची जागा मना म्हाईत हाय." मग जी वादावादी झाली ती पाऊण तास चालली, आणि सांगते तुम्हाला, त्यात सर्वांत मोठा आवाज न्यूझीलंडचा होता. "माझ्या सासऱ्यानं विकेट घेतलीया, ओ!" सासरा! तिथेच, चिखलात उभं राहून, त्याने नातं जाहीर करून टाकलं, आणि तुमच्या बंधूंनी एका शब्दाने हरकत घेतली नाही.

विकेट काही मिळाली नाही. गाडीत ऋषीला वर्तमानपत्रांवर बसवून घरी आणला. दारात ईशू तोंड फुगवून उभी होती. तिने धाडस करून सांगून टाकलं, "बाबा, मी खोटं बोलले. तो आता खेळत नाही. तो प्लंबर आहे." तर यांनी इतकं सुंदर आश्चर्य दाखवलं की मी थक्क झाले. "काय सांगतेस!" म्हणाले. मीही "अगंबाई!" म्हटलं. ऋषीने छताकडे बघितलं. मग हे म्हणाले, "चांगला धंदा आहे. तारीख बघा." ईशू त्यांच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टरांकडून सोमवारी यांचा ईसीजी काढून आणला, तोही स्वच्छ. वही कपाटात गेली आहे; मी बाहेर काढून पाहिली, तर न्यूझीलंडपुढे खाडाखोड करून शून्य पॉइंट पंच्याऐंशी केलेत.

असो. मन इतकं हलकं झालंय की सकाळी ओट्यापाशी मी चक्क गुणगुणत होते. भावोजींना नमस्कार, नातवंडांना माझ्या वाटचे गालगुच्चे घ्या, आणि तुम्ही जिने चढू नका.

तुमची,
स्मिता

ता. क. : होडीवरचं बोलणं मी ऐकलं हे यांना माहीत नाही, आणि मी तुम्हाला लिहिलं हे तर अजिबात नाही. लग्नात कुणी सिलेक्शनच्या मॅचबद्दल विचारलं तर तुम्ही नेहमीसारखं 'अन्याय झाला' असंच सांगा. रडलात तरी चालेल.

दुसरं ता. क. : खरी विनंती राहिलीच. ऋषीचे वडील, बाबासो, पुढच्या महिन्यात साखरपुड्याला येतायत. कळलं ते असं की त्यांचीही एक वही आहे! त्यांच्या मते भारतातल्या पाटा खेळपट्ट्यांवर कुणीही धावा काढतं, आणि न्यूझीलंडच्या हिरव्या विकेटवरच्या एकतीस म्हणजे आपल्या रणजीतल्या पन्नास. म्हणून तुम्ही चार दिवस आधीच या आणि दोन व्याह्यांच्या मध्ये बसा. तुम्ही सांगलीच्या, ते तासगावचे, तुमचं ऐकतील.

तिसरं ता. क. : पाकीट चिकटवणार इतक्यात परत उघडलं. मध्ये बसायची गरज नाही. दोघे व्याही गेला पाऊण तास व्हिडिओ कॉलवर आहेत आणि त्यांचं गळ्यात गळा घालून एकमत झालंय, की भारत आणि न्यूझीलंड दोन्ही थोर, पण इंग्लंडच्या काउंटीत काही राम नाही, तिथे तर अंपायरही खेळायला उतरले तर सेंच्युरी काढतील. तेव्हा वन्सं, हात जोडून सांगते, तुम्ही दोघं अवश्य या. फक्त तुमचे धाकटे जावई, जे इंग्लंडात दर शनिवारी लीड्सला अंपायरिंग करतात, त्यांना म्हणावं, एकदम लग्नालाच या.